शेलारच्या भातातली सीडी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या टेमघरात कुणालाही विचारा. आता साठी ओलांडली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी तो जागचा हललेला नाही. म्हणून आधीच कबूल करून टाकते की पुढं जे काही बिघडलं ते माझ्या रागामुळं बिघडलं. निस्तरलं मात्र दुसऱ्यांनी.

घराच्या पुढच्या खोलीत मी नऊ वर्षं सीडीची लायब्ररी चालवली. सीडीची लायब्ररी म्हणजे काय, हे आता माझ्या नातीलाही समजावून सांगावं लागतं. तिच्या हातातल्या फोनवर बोट फिरवलं की सिनेमा सुरू होतो आणि पाच मिनिटांत आवडला नाही की दुसरा. आमच्या वेळी सिनेमा माझ्या दारात येऊन, नाव नोंदवून, पिशवीत घालून न्यावा लागे. एक सिनेमा दोन सीड्यांवर असायचा, भाग एक आणि भाग दोन. मध्यंतराला घरातलं कुणीतरी उठायचं, मशीन उघडायचं, पहिली काढून दुसरी घालायचं. ज्याच्या घरी ती दोन मिनिटं भांडण होत नसे ते घर सुखी, असा माझा हिशेब होता.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, त्यामुळं गुरुवारी संध्याकाळी माझ्या ओट्यावर उभं राहायला जागा नसे. एका खोलीत राहणारे दहाबारा कामगार मिळून एक सिनेमा नेत. त्यांच्यातला एक मिश्रीवाला प्रौढ माणूस दर आठवड्याला तोच सिनेमा मागायचा. एकदा मी वैतागून विचारलं, तर म्हणाला, "भाभी, उसमें एक तालाब आता है, हमारे गाँव जैसा. बस, वही देखना है." त्यानंतर मी तो सिनेमा त्याच्यासाठी गुरुवारी बाजूला काढून ठेवू लागले.

दुसरं एक गिऱ्हाईक माझ्याशी भांडायलाच यायचं. चोरून काढलेल्या सीड्या तेव्हा नाक्यानाक्यावर मिळत. कुणीतरी थिएटरात कॅमेरा घेऊन बसायचं आणि पडद्याचंच शूटिंग करायचं. त्यात मधेच एखादं डोकं उठे, कुणाचं मूल रडे, विनोदाला सगळं थिएटर हसे. एका बाईंनी तसा सिनेमा पाहिला होता. नंतर माझ्याकडची असली सीडी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून आपटली. "तुमच्यात कुणी हसतच नाही. एकटं एकटं वाटतं बघताना."

मी मात्र नकली सीडी कधी ठेवली नाही. दारावर पाटीच होती: 'येथे फक्त असली सीडी मिळेल. नक्कल करणाऱ्यांनी पायरी चढू नये.' ही दुसरी ओळ इम्तियाजसाठी होती. चार दुकानं सोडून त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. त्याच्याकडे एक मशीन होतं, त्यात असली सीडी घातली की थोड्या वेळात तिची जुळी बहीण बाहेर यायची. पोरगा वागायला मऊ, घरचे जुने कोकणी मुसलमान, त्याची आई माझ्याकडून लोणचं नेणारी. पण तीन वर्षं मी त्याच्या दुकानावरून जाताना मान वळवली नाही.

त्याचं कारण सांगते. लोक माझी सीडी घरी न्यायचे, इम्तियाजकडे नक्कल काढायचे आणि परत करताना माझ्या पाकिटात नक्कल घालून असली घरी ठेवायचे. असल्या सीडीवर रंगीत चित्र छापलेलं असे. नकलेची पाठ कोरी, त्यावर स्केचपेनानं नुसतं 'भाग २' किंवा सिनेमाचं नाव. पाकीट उघडलं की चोरी कळत होती, पण शुक्रवारच्या गर्दीत पाकिटं उघडायला वेळ कुणाला? मी शनिवारी सकाळी चहा घेत ती उघडायची, आणि माझा चहा नेहमी गार व्हायचा.

मग मी एक पद्धत काढली. अशी नकली सीडी सापडली की तिच्या चकचकीत बाजूवर सेफ्टीपिनेनं आडवा ओरखडा ओढायचा, म्हणजे ती पुन्हा कुणाच्या पाकिटातून माझ्याकडे यायला नको. नंतर मधल्या भोकातून सुतळी ओवून ती दारावर टांगायची. खाली फळ्यावर त्या सभासदाचा नंबर. आमचे हे त्याला 'चोरांचं तोरण' म्हणायचे आणि म्हणायचे, अगं, दिवाळीला आकाशकंदील तरी लावू दे मधे. मला त्या तोरणाचा अभिमान होता. ऊन पडलं की समोरच्या भिंतीवर इंद्रधनुष्यासारखे तुकडे नाचायचे.

त्या तोरणाला एक गिऱ्हाईकही होतं. जवळच्या शेलार गावचे पांडूदादा, आमच्या यांचे जुने स्नेही. भात पिकायला आलं की ते यायचे आणि सगळं तोरण काढून न्यायचे. शेतात काठ्या रोवून त्यावर सीड्या टांगल्या की त्या वाऱ्यानं फिरतात, चमकतात, आणि पाखरं भातावर उतरत नाहीत. मला जागा मोकळी मिळायची, त्यांचं भात वाचायचं.

त्या वर्षी, नवरात्र संपल्यावरच्या एका शनिवारी, मी मदन पाटलाचं पाकीट उघडलं. मदन आमच्याच गल्लीतला, मूळचा खारबावचा, टेम्पो चालवणारा. पहिला भाग असली होता. दुसऱ्याच्या जागी कोरी चंदेरी सीडी, त्यावर 'भाग २'. मला इतका संताप आला की मी ती मशीनमध्ये घालूनही पाहिली नाही. ज्याच्या बायकोला मी घरच्यासारखी मानते त्यानं हे करावं? एरवी मी एक ओरखडा ओढायची, त्या दिवशी दोन ओढले. सीडी टांगली, फळ्यावर नंबर लिहिला, आणि दुपारी पांडूदादा आले तेव्हा त्यांना म्हणाले, "घेऊन जा सगळ्या. यंदा माल भरपूर आहे."

मंगळवारी सकाळी मदनची बायको भारती आली. तिनं फळ्याकडे पाहिलंही नाही. हातातल्या रुमालातून तिनं माझी असली सीडी काढली, रंगीत चित्रवाली, भाग दोन.

"काकू, ही तुमची सीडी आमचे मशीनीतच रायली व्हती. चार दिस गावाला गेलतो, आज बघितली. आमची एक सीडी चुकून तुमचे पाकिटात आयली वाटतं. ती द्या ना मना."

"कसली सीडी?" मी विचारलं.

"आयेची. धवल्यांची."

इथं बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्या भागात आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. ही म्हातारी बाई मांडवात बसून धवले गाते, तासन्‌तास, लग्नाच्या प्रत्येक विधीचं वेगळं गाणं, आणि तिच्या गाण्याशिवाय विधी पुढं सरकत नाही. हे कुठं लिहिलेलं नसतं. सासूकडून सुनेकडं, आईकडून लेकीकडं तोंडानंच जातं. भारतीची सासू, तानूआजी, खारबावच्या बाजूची नावाजलेली धवलारीण. वर्षापूर्वी तिच्या घशातली गाठ काढली आणि आवाज गेला. म्हातारी बरी झाली, भाकऱ्या थापू लागली, पण घशातून नुसती हवा यायची.

भारती दहावी शिकलेली. सासू गात होती तोवर हिनं कधी लक्ष दिलं नव्हतं. "मना वाटायचं हाय की आये, आपल्याला कशाला येवायला पाहिजे," असं ती मला एकदा म्हणाली होती. आवाज गेल्यावर तिला धक्का बसला. मग आठवलं की दिराच्या लग्नाचं शूटिंग झालंय आणि त्यात आजी पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली आहे. दोन सीड्या होत्या. भारती दुपारी मशीन लावायची, एक ओळ ऐकायची, थांबवायची, म्हणायची, पुन्हा मागं घ्यायची. आजी समोर बसून हातानं ताल धरायची, चुकलं की हात वर करून थांबवायची. पहिली सीडी पाठ झाली होती. दुसरी नुकती सुरू केली होती, आणि त्याच संध्याकाळी मदननं घाईत सिनेमा परत करताना भलतीच सीडी पाकिटात घातली.

"शूटिंगवाल्याकडे कॅसेट असेल ना?" मी विचारलं.

"त्यानं त्याच कॅसेटीवर दुसरं लगीन घेतलं काकू. सगळं तेच करतात."

तुळशीच्या लग्नानंतर पहिलंच लग्न खारबावला होतं, आजीच्या भाचीच्या घरी. गाणं भारतीनं म्हणायचं ठरलं होतं. ती नाही गायली तर दुसरीकडून धवलारीण आणतील, आणि एकदा दुसरी आली की पुढची बोलावणीही तिलाच जातील. तानूआजीची गाणी त्या सीडीवरच राहतील. आणि ती सीडी मी दोन ओरखडे ओढून भातात पाठवली होती.

मी खोटं बोलू शकले असते. हरवली म्हणाले असते तर भारतीनं विश्वास ठेवला असता. पण तिनं तेवढ्यात फळ्यावरचा स्वतःचा नंबर पाहिला. चेहरा लाल झाला तिचा. मी सगळं सांगितलं. फळा तिच्यासमोरच पुसला, दुकानाला कुलूप घातलं, दोघी रिक्षानं शेलारला निघालो.

पांडूदादांचं शेत वस्तीच्या मागं आहे. भात पिवळं पडलं होतं, ऑक्टोबरचं ऊन नुसतं भाजत होतं, आणि त्या पिवळ्यावर चाळीसेक सीड्या गरगर फिरत होत्या. एरवी मला मौज वाटली असती. त्या दिवशी प्रत्येक चमक माझ्या डोळ्यांत घुसत होती. तीन रात्रींच्या दवानं बऱ्याच सीड्यांवरची शाई पुसट झाली होती. पण 'भाग २' तेवढं वाचता येत होतं, आणि तीच पंचाईत झाली. आम्ही बांधावरून फिरत एकेक उलटी करून पाहिली, तर 'भाग २' लिहिलेल्या नऊ निघाल्या. प्रत्येकीवर माझे ओरखडे. मला दोन ओरखड्यांचीच शोधायची होती, पण काठीला घासून घासून सगळ्यांवरच इतक्या रेघा उठल्या होत्या की माझी सही मलाच ओळखता येईना.

"वैनी, सगल्या न्हेता काय?" पांडूदादा धावत आले. "पाखरू लय हाय औंदा, माझा भात खातील ना!"

"नऊच नेते. संध्याकाळी परत आणून टांगते, मी स्वतः," मी म्हणाले.

त्यांच्या घरी मशीन होतं, पण वीज नव्हती. तेव्हाचं लोडशेडिंग आठवतंय ना? चार वाजता येणार होती. आम्ही ओटीवर नऊ सीड्या साडीच्या पदरानं पुसत बसलो. पांडूदादांच्या आईनं चहा दिला. भारती एकच सीडी परत परत पुसत होती. मधेच म्हणाली, "आयेला मी सांगितलं न्हाय अजून. ती रोज दुपारी मशीनीसमोर येऊन बसतं."

वीज सव्वाचारला आली. पहिल्या सीडीत मारामारी निघाली. दुसरी मशीननं घेतलीच नाही. तिसरीत नाच, चौथीत तोच सिनेमा पुन्हा. पाचवी फिरली, थांबली, फिरली आणि पडदा निळा झाला. सहावी घातली तेव्हा भारतीनं डोळे मिटले होते. आधी नुसती घरघर आली. मग मांडवाचं हिरवं कापड दिसलं, एक मूल कॅमेऱ्यासमोरून पळालं, आणि मग तो आवाज आला. जाडसर, किंचित खरखरीत, घाई नसलेला. डोळे उघडायच्या आतच भारती रडायला लागली.

पांडूदादांच्या आईनं स्वयंपाकघरातून हाक मारली. "ही तानू हाय ना खारबावची? माझे धाकटीचे लगनात आयलेली."

माझा जीव भांड्यात पडला. पण पुरती पाच मिनिटंही नाही. एका ओळीवर सीडी अडकली, तेच तेच दोन शब्द टकटक करू लागली. बंद करून पुन्हा लावली, पुन्हा तिथंच. तो माझाच ओरखडा होता, काठीच्या रेघा इतक्या खोल जात नाहीत.

आता एकच माणूस होता. सीडी हातात आणि भारती मागं, अशी मी तीन वर्षांनी इम्तियाजच्या दुकानाची पायरी चढले. तो उठून उभाच राहिला.

"भाभी, आप? मैं तो डर गया. पाटी इकडे लावायला आल्या काय?"

"माझ्याकडून चूक झाली आहे," मी म्हणाले. असं वाक्य मी त्याआधी कधी, कुणाला म्हटलं होतं, आठवत नाही. "याची नक्कल काढून दे."

तो हसला असता तर मी समजू शकले असते. पण त्यानं भारतीकडे पाहिलं, सीडी उजेडात धरली आणि विचारलं, "हे कुणी केलं?" मी पदराची सेफ्टीपिन चाचपली. त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. दुकानातला दुसऱ्यांचा सगळा माल बाजूला सारला. आधी सीडीला दात घासायची पेस्ट लावली आणि मऊ कापडानं मधून कडेकडे घासत बसला, अगदी हळूहळू, गोल नाही. गोल घासलं की रेघा वाढतात, तो मला शिकवत होता. मग एका जुन्या, सावकाश चालणाऱ्या मशीनमध्ये ती घातली आणि जे वाजेल ते कॉम्प्युटरमध्ये भरून घेऊ लागला. "नवं मशीन घाई करतं, भाभी. हे म्हातारं आहे, अडलं की थांबतं, मागं जातं, परत वाचतं."

आम्ही तिघं तासभर त्या आवाजाकडे कान लावून बसलो. ती अडकणारी ओळ आली. मशीन थांबलं. मागं गेलं. तीच ओळ परत ऐकू आली, आणि मग गाणं पुढं गेलं. दुसऱ्या ओरखड्यावर जरा खरखर झाली, तेवढंच. गाणं शेवटपर्यंत आलं. इम्तियाजनं खुर्चीला पाठ टेकली आणि म्हणाला, "अल्हमदुलिल्ला." मीही मनात काहीतरी तसंच म्हणाले.

त्यानं तीन नकला काढल्या. एक भारतीला, एक मला, एक स्वतःच्या कपाटात. "एकच कॉपी ठेवणं म्हणजे नसल्यासारखंच असतं," तो म्हणाला. आयुष्यभर मी नकलेला शिव्या दिल्या, आणि त्या दिवशी नकलेला हळदीकुंकू वाहायचं बाकी ठेवलं. घरी येऊन पाटीवरची दुसरी ओळ मी ब्लेडनं खरवडून काढली. मग टॉर्च घेऊन त्याच रात्री शेलारला जाऊन उरलेल्या आठ सीड्या काठ्यांना बांधल्या. शब्द दिला होता.

लग्नाला मला बोलावणं होतं. मांडवाच्या दिवशी सकाळी खारबावला पोचले तेव्हा भारती लुगडं नेसून बसली होती. शेजारी तानूआजी पाटावर. भारतीनं सुरुवात केली तेव्हा आवाज थरथरला, पण दोनतीन ओळींनंतर ती सासूच्या चालीत शिरली. मांडवातल्या म्हाताऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. मी मागं बसून पदर तोंडाशी धरला होता. प्रत्येक ओळ संपली की मी सुटकेचा श्वास सोडत होते, जणू मीच गात होते.

मग ती ओळ आली. भारतीनं ती म्हटली, आणि परत एकदा म्हटली. जशी नकलेत होती तशीच. तो भाग तिनं पूर्वी कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता, ती शिकली ती इम्तियाजच्या सीडीवरून. धवल्यात ओळी परत परत येतातच, तिला वेगळं वाटायचं कारण नव्हतं. मला मात्र कळलं.

आजीला तर नक्कीच कळलं. एवढे दिवस ती रोज ताल धरून बसायची, पण हा भाग शिकवताना मला वाटतं तिनं तसंच जाऊ दिलं असावं, मशीन अडलंय असं समजून. आता मांडवात मात्र तिचा हात वर उठला, चूक दाखवायला उठायचा तसा. पण तो तिथंच थांबला. तिनं सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, सुनेनं पुढची ओळ उचललीच होती. मग आजीचा हात हळूच मांडीवर आला आणि तिनं ताल धरला.

लायब्ररी बंद होऊन पुष्कळ वर्षं झाली. तानूआजी गेली. पाकिटं उघडून बघायची कटकट संपली, कुणी मला फसवत नाही, आणि मला त्याचं खरंच सुख आहे. भारती आता स्वतः धवलारीण आहे, तिच्या दोन पुतण्या तिच्याकडून शिकताहेत. गेल्या मोसमात शेजारच्या लग्नात त्यातली धाकटी गात होती. मी कानात प्राण आणून त्या ओळीची वाट बघत होते. ती आली, आणि पोरीनं ती दोनदा म्हटली, मांडवातल्या सगळ्या बायकांनी तिच्यामागून दोनदा म्हटली, आणि मीही म्हटली.